मदत हवी आहे : राणी कॅरोलाइनच्या बाजूने उभ्या राहिलेल्या स्त्रियांची पत्रे

नमस्कार. इंग्लंडचा चौथा जॉर्ज आणि ब्रन्सविकची कॅरोलाइन यांच्या १७९५ मधील विवाहाविषयी मी सध्या वाचत आहे. पहिल्या भेटीत तिला पाहताच ज्याने ब्रँडीचा पेला मागवला, त्याच नवऱ्याने राजा झाल्यावर, १८२० मध्ये, तिच्यावर व्यभिचाराचा आरोप ठेवून घटस्फोटाचे विधेयक आणवले. लॉर्ड्सच्या सभागृहात ते अवघ्या ९ मतांनी तरले आणि सरकारने ते मागे घेतले. पुढच्या वर्षी राज्याभिषेकाच्या दिवशी वेस्टमिन्स्टर ॲबेच्या दारातून तिला परत पाठवले गेले, हे वाचून मन फार कळवळले. त्या काळात हजारो सामान्य स्त्रियांनी सह्या करून तिला पाठिंब्याची पत्रे पाठवली होती. त्यांचा मूळ मजकूर कोठे वाचायला मिळेल, हे कोणास ठाऊक असल्यास कृपया कळवावे.