सोलापुरी चादरीच्या नक्षीवरील पुस्तकासाठी लोकवर्गणी : उद्दिष्ट किती ठेवावे आणि सुरुवात कोठून करावी?

धागादोरा (सोलापूर) :

नमस्कार. माझ्या वडिलांनी सोलापूरच्या पूर्व भागात तीस वर्षे जकार्डच्या मागावर चादरी विणल्या. चादरीवरची नक्षी ज्या छिद्रांच्या पुठ्ठ्याच्या कार्डांवरून उतरत असे, त्या कार्डांच्या माळा आता संगणकावर नक्षी तयार होऊ लागल्यापासून रद्दीत जात आहेत. गेल्या अडीच वर्षांत मी अशा त्रेसष्ट नक्ष्यांची छायाचित्रे घेतली आहेत. त्यांत मयूरपंखासारखी घरोघरी माहीत असलेली नक्षी आहे, तशाच ज्यांची नावे दोन-तीन वृद्ध विणकरांखेरीज कोणालाही सांगता येत नाहीत अशाही नक्ष्या आहेत. विणकरांच्या आठवणी त्यांच्याच तेलुगूत ध्वनिमुद्रित केल्या असून त्यांचा मराठी अनुवाद पूर्ण होत आला आहे.

या सर्वांचे एकशे साठ पानांचे रंगीत पुस्तक काढायचे आहे. पाचशे प्रतींच्या छपाईसाठी १,९०,००० रुपये, उरलेल्या छायाचित्रणासाठी ४०,००० आणि अनुवाद व संपादनासाठी ३५,००० असा एकूण २,६५,००० रुपयांचा अंदाज आहे. एवढी रक्कम माझ्याजवळ नाही, म्हणून इंटरनेटवरून लोकवर्गणी उभारण्याचा विचार आहे. उद्दिष्ट २,६५,००० रुपयेच जाहीर करावे का, आणि त्यासाठी परदेशी संकेतस्थळ बरे की भारतीय? पुस्तकासोबत एक खरी सोलापुरी चादर भेट द्यावी असेही एका मित्राने सुचवले आहे. ओळखीच्या कारखान्यातून ती ६०० रुपयांना मिळू शकेल. ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

हिशेबनीस :

तुमचे काम मोलाचे आहे, म्हणूनच आकड्यांविषयी स्पष्टपणे लिहितो. २,६५,००० हा पुस्तक तयार होण्याचा खर्च आहे. ते वाचकाच्या हाती पोहोचेपर्यंतचा खर्च त्यात आलेला नाही.

समजा तीनशे प्रती टपालाने पाठवायच्या आहेत. पुठ्ठ्याचे खोके, वेष्टन आणि टपालखर्च मिळून प्रत्येकी ८० रुपये धरले तरी २४,००० रुपये झाले. चाळीस जणांना चादर द्यायची ठरवली, तर चादरीचे ६०० आणि पाठवणीचे किमान १५० धरून ३०,००० रुपये होतात. येथपर्यंत बेरीज ३,१९,००० झाली. आता संकेतस्थळाचे शुल्क ५ टक्के आणि रक्कम स्वीकारणाऱ्या यंत्रणेचे २ टक्के धरू. या शुल्कांवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे एकूण ८.२६ टक्के जातात आणि शंभरातले ९१ रुपये ७४ पैसे तुमच्या खात्यात येतात. हातात ३,१९,००० यायचे असतील, तर जमा व्हायला हवेत सुमारे ३,४८,०००. तुम्ही २,६५,००० जाहीर केले असते आणि तेवढे मिळालेही असते, तरी शुल्क वजा जाता सुमारे ७६,००० रुपयांची तूट तुम्हाला पदरची भरावी लागली असती. येथे धरलेले दर अंदाजाचे आहेत, तेव्हा प्रत्यक्ष दर निवडलेल्या संकेतस्थळाच्या अटींत पाहून गणित पुन्हा मांडा.

चादरीचा मोह समजतो, कारण पुस्तक त्याच चादरीविषयी आहे. तरीही चादर जड आणि फुगीर असते, दूरच्या गावी पाठवण्याचा खर्च वाढत जातो आणि एखादी डागाळून पोहोचली तर बदलून द्यावी लागते. त्याऐवजी जुन्या जकार्ड कार्डाचा एक खरा तुकडा आणि त्यावरून कोणती नक्षी विणली जात असे हे सांगणारी चिठ्ठी पाकिटातून पाठवता येईल. रद्दीत जाणारी ती वस्तू तुमच्या पुस्तकाच्या वाचकाला चादरीइतकीच प्रिय वाटेल, असे मला मनापासून वाटते. चादर द्यायचीच असेल, तर ती सोलापुरात येऊन घेणाऱ्यांसाठी ठेवा.

परदेशी संकेतस्थळांपैकी २००९ साली सुरू झालेले किकस्टार्टर सर्वांत परिचित आहे, पण भारतातील रहिवाशाला तेथे स्वतःच्या नावाने प्रकल्प उभारता येत नाही. परदेशातील नातेवाइकाच्या नावाने तो उभारावा असे कोणी सुचवले, तर ते टाळा. करार, कर आणि जबाबदारी त्या नातेवाइकाच्या गळ्यात पडते. परदेशातून येणाऱ्या देणग्यांवर कायद्याचे निर्बंध आहेत, तेही लक्षात ठेवा. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या अनिवासी व्यक्तीने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परकीय देणगी धरली जात नाही, परंतु परदेशी नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीची देणगी तशी धरली जाते. त्यामुळे भारतीय संकेतस्थळ निवडा आणि सुरुवातीपूर्वी सनदी लेखापालाला एकदा भेटा.

नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात ५०,००० रुपयांहून अधिक भेट मिळाली, तर ती करपात्र उत्पन्नात धरली जाते. पुस्तकाच्या मोबदल्यात आलेली रक्कम ही विक्री होय, म्हणून प्रत्येक खर्चाचे बिल जपून ठेवा. वर्गणीदारांना नफ्यात वाटा देण्याचे मात्र चुकूनही लिहू नका. तसे लिहिले की ती गुंतवणूक ठरू शकते आणि शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या नियमांचा प्रश्न उभा राहतो.

माळरान :

मी स्वतः एकदा अपयशी आणि एकदा यशस्वी ठरले आहे, म्हणून दोन्ही अनुभव सांगते. विडी वळणाऱ्या स्त्रियांवरील लघुपटासाठी मी एका संकेतस्थळावर पंचेचाळीस दिवसांची मोहीम उघडली होती. उद्दिष्ट पूर्ण झाले तरच पैसे मिळतील, अन्यथा सर्वांना परत जातील, अशी तेथील अट होती. मजकूर चांगला होता आणि चित्रफीतही चांगली होती. पहिल्या दिवशी मात्र फक्त सहा जणांनी पैसे भरले, कारण मोहीम उघडण्याआधी मी कोणाशीही बोलले नव्हते. पाहायला येणाऱ्याला दोन टक्क्यांवर थांबलेला आकडा दिसे आणि तो निघून जाई. मधले तीन आठवडे जवळजवळ कोरडे गेले. शेवटी ३८ टक्के जमले आणि ते सर्व परत गेले.

दुसऱ्या वेळी मी मोहिमेच्या तीन महिने आधी वही घेऊन बसले. शाळेतील मैत्रिणी, जुने शिक्षक, विडी कामगारांच्या प्रश्नांवर काम करणारे कार्यकर्ते, पुण्यात नोकरी करणारी सोलापूरची मुले अशी दोनशे चाळीस नावे लिहिली आणि प्रत्येकाला स्वतंत्र निरोप पाठवला किंवा फोन केला. पैसे मागितले नाहीत. काम दाखवले, मत विचारले आणि अमुक तारखेला पहिल्या दोन दिवसांत सोबत याल का, एवढेच विचारले. पंच्याऐंशी जण हो म्हणाले. मोहीम उघडल्यावर दुसऱ्या रात्रीपर्यंत एक तृतीयांश रक्कम जमली होती, आणि मला कधीही न भेटलेले लोक त्यानंतरच येऊ लागले. अनोळखी माणूस आधी आलेल्यांकडे पाहून येतो, ही गोष्ट मला पहिल्या अपयशाने शिकवली.

मुदत फार लांब ठेवू नका. किकस्टार्टर साठ दिवसांपर्यंत परवानगी देते, तरी स्वतः तीस किंवा त्याहून कमी दिवसांचाच सल्ला देते. मी तेहेतीस दिवस ठेवले होते, कारण त्यात पगाराच्या दोन तारखा बसवता आल्या. तुमच्यासाठी जानेवारीचा पहिला आठवडा उत्तम ठरेल. संक्रांतीच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेला बाहेरगावचे सोलापूरकर घरी येतात, नंदीध्वजांच्या मिरवणुकीला सारे शहर रस्त्यावर असते आणि आपल्या गावाविषयी काही करावे असे त्या दिवसांत प्रत्येकाला वाटत असते.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगते. पुस्तक देण्याची तारीख स्वतःच्या अंदाजाच्या किमान दोन महिने पुढची जाहीर करा. संशोधक इथन मॉलिक यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या किकस्टार्टरवरील अभ्यासात रचना आणि तंत्रज्ञान या विभागांतील तीन चतुर्थांशांहून अधिक प्रकल्पांना वचन दिलेली तारीख पाळता आली नव्हती. उशीर झालाच, तर दर पंधरा दिवसांनी काम कोठवर आले ते कळवा. मला चार महिने उशीर झाला होता. नियमित पत्रे जात राहिल्यामुळे एकाही वर्गणीदाराने पैसे परत मागितले नाहीत.

जुना छापखाना :

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, तरीही एक वेगळा मार्ग मांडतो. मराठी प्रकाशन व्यवहारात प्रकाशनपूर्व सवलतीची जुनी रीत आहे. पुस्तक छापण्याआधी कमी किमतीत मागणी नोंदवून घ्यायची आणि त्याच पैशांतून कागद आणायचा. मोठे कोश आणि खंड या रीतीने निघाले आहेत. तीनशे वाचकांसाठी संकेतस्थळाला आठ टक्के देण्याची खरोखर गरज आहे का, याचा विचार करावा.

थोड्या-थोड्या पैशांतून मोठे काम उभे करणे आपल्याकडे नवे नाही. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून तळेगावचा काच कारखाना १९०८ साली उभा राहिला, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेला घरोघरच्या मुष्टिफंडाने, म्हणजे मूठभर धान्याने, हात दिला. श्याम बेनेगल यांच्या १९७६ सालच्या ‘मंथन’ या चित्रपटासाठी गुजरातेतील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते असे की, ते पाच लाख लोक चित्रपटाने गोळा केलेले नव्हते. ते सहकारी दूध संघांत आधीपासूनच एकत्र होते आणि पैसे जमा करण्याची व्यवस्थाही तयार होती. तुमच्यासाठी तशी जागा म्हणजे विणकरांच्या सहकारी संस्था, पद्मशाली समाजाची मंडळे आणि पूर्व भागातील वाचनालये. तेथील वृद्ध विणकर मोबाइलवरून पैसे पाठवणार नाहीत, पण शंभर रुपये हातावर ठेवतील. त्यांच्यासाठी क्रमांक छापलेले पावतीपुस्तक ठेवा.

पुस्तकाच्या शेवटी सर्व वर्गणीदारांची नावे एकाच आकाराच्या अक्षरांत छापा. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या चौथऱ्यासाठी १८८५ साली जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या वृत्तपत्रातून आवाहन केले, तेव्हा अगदी लहान रक्कम देणाऱ्याचेही नाव छापले जात होते, आणि लाखाहून अधिक लोकांनी मिळून एक लाखाहून अधिक डॉलर दिले. ज्या विणकराने आयुष्यभर नक्षी विणली, त्याचे नाव कोणत्याही चादरीवर आलेले नाही. तुमच्या पुस्तकात ते शंभर रुपयांच्या निमित्ताने का होईना, यावे.

माळरान :

‘जुना छापखाना’ यांच्याशी बहुतांशी सहमत आहे. फक्त आठ टक्क्यांबाबत थोडे वेगळे मत आहे. सोलापुरात ओळखीवर पैसे मिळतील, पण नाशिकच्या किंवा बंगळूरच्या वाचकाने अनोळखी माणसाच्या खात्यात थेट पैसे का भरावेत? उद्दिष्ट पूर्ण झाले नाही, तर रक्कम आपोआप परत मिळेल, हा भरवसा तशी अट असलेले संकेतस्थळ देते. त्या शुल्कातून आपण तो भरवसा विकत घेत असतो.

धागादोरा (सोलापूर) :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चादर टपालाने पाठवण्याचा विचार सोडला आहे. चादरींचा आणि त्यांच्या पाठवणीचा खर्च वजा झाल्यावर आणि कार्डांचे तुकडे द्यायचे ठरल्यावर हिशेब पुन्हा मांडला, तर हातात २,८९,००० रुपये यावे लागतात, म्हणजे शुल्कासह सुमारे ३,१५,०००. त्यातील एक भाग पावतीपुस्तकावर सोलापुरातच जमवून उरलेल्या रकमेपुरतेच उद्दिष्ट संकेतस्थळावर ठेवीन. पैसे परत जाण्याची अट असलेलेच संकेतस्थळ निवडेन. पावतीवरील वर्गणीदारांनाही तेच वचन द्यावे लागेल, म्हणून ती रक्कम छपाई सुरू होईपर्यंत स्वतंत्र बँक खात्यात राहील.

छापखान्यात चौकशी केली. पुस्तकाच्या दहा फर्म्यांपैकी पहिला, म्हणजे सोळा पानांचा, नमुन्यादाखल थोड्या प्रतींत छापून मिळणार आहे. तो घेऊन पुढच्या रविवारपासून विणकरांच्या घरी जाणार आहे, कारण ज्यांची नक्षी त्या पानांवर आहे त्यांनी ती सर्वांत आधी पाहावी असे वाटते. नावांची वही परवाच सुरू केली. काल संध्याकाळपर्यंत त्यात एकेचाळीस नावे झाली आहेत आणि त्यांतील सव्वीस जण सोलापूरबाहेर राहतात.