मदत हवी आहे: ‘फेडरल आयकर घटनाबाह्य आहे’ म्हणणाऱ्या दादाला कसं समजावू?

माझा मोठा भाऊ बावीस वर्षं न्यू जर्सीत आहे. टॅक्स कधी एक दिवस उशिरा भरला नाही. यंदा कुणा सल्लागाराला पैसे मोजून एक फाइल घेऊन आलाय. काल जेवणाच्या टेबलावर त्याचा १०४० फॉर्म, म्हणजे तिथलं आयकर रिटर्न, पाहिला. पगाराच्या रकान्यात शून्य, मागे स्टेपल केलेली चौदा पानं! वहिनीच्या डोळ्याला डोळा नाही.

त्याचे मुद्दे असे. १८९५ मध्ये पोलॉक खटल्यात सुप्रीम कोर्टाने आयकर रद्द केला होता. नंतर आयकरासाठी केलेली घटनेची सोळावी दुरुस्ती नीट मंजूरच झाली नाही, कारण राज्यांच्या ठरावांत स्वल्पविराम आणि शब्द वेगवेगळे होते. शिवाय ओहायो तेव्हा कायद्याने राज्यच नव्हतं.

मी वाचलं ते एवढं: पोलॉकमध्ये अडलं ते भाडं आणि लाभांशावरच्या करापाशी. असा कर राज्यांच्या लोकसंख्येप्रमाणे वाटून लावायला हवा, असं कोर्ट म्हणालं. १९१३ च्या याच सोळाव्या दुरुस्तीने ती अटच काढली आणि १९१६ मध्ये ब्रशाबर खटल्यात कोर्टाने आयकर उचलून धरला. पण २०२४ चा सुप्रीम कोर्टातला मूर खटला दादाने पुढे केला की मी गप्प होते. कुणी सांगेल का?

प्रतिसाद:

ताई, मूर दांपत्याचे शेअर्स बंगळूरच्या किसानक्राफ्टमध्ये होते, छोट्या शेतकऱ्यांना अवजारं पुरवणारी कंपनी. नफा कंपनीतच राहिला, तरी यांना १४,७२९ डॉलर कर लागला. वाद होता तो हातात न आलेल्या नफ्याचा, आणि तोही ते ७ विरुद्ध २ असे हरले. दादाचा पगार तर खात्यात जमा झालाय.

ओहायो १८०३ पासून राज्य आहे. दुरुस्तीला ३६ राज्यं पुरेशी होती, शेवटी ४२ नी मंजुरी दिली. ओहायो वगळा, काही बिघडत नाही. स्वल्पविरामाचा मुद्दा अपील कोर्टाने १९८६ मध्येच फेटाळलाय.

दादाला दोन गोष्टी सांगाच. मूर दांपत्याने आधी कर भरला, मग परतावा मागत कोर्टात गेले. आणि १९९१ च्या चीक खटल्यात एका वैमानिकाला कोर्टाने बजावलं: प्रामाणिकपणे कायदा समजलाच नाही, हा बचाव होऊ शकतो, कायदा घटनाबाह्य वाटला, हा नाही. म्हणजे ती चौदा पानं त्याच्याच विरुद्धचा पुरावा. असल्या रिटर्नला ५,००० डॉलर दंड आहे, तो वेगळाच.

फॉर्म अजून टपालात पडला नसेल तर आज रात्रीच खरे आकडे भरायला बसवा त्याला. वहिनींनाही शेजारी बसवा.