मदत हवी आहे: वॉर्ड एकत्र केल्यापासून सिस्टर्सचं कामातून मन उडालंय, मेट्रनपुढे काय मांडू?

नमस्कार, नर्सिंगमधलं कुणी असेल तर प्लीज सांगा. मी एका खाजगी हॉस्पिटलमध्ये मेडिकल वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. दिवाळीनंतर आमचा आणि सर्जिकल वॉर्ड एकत्र केला, ठरलेली टीम मोडली आणि आता रोज जिथे माणूस कमी तिथे सिस्टर पाठवतात. एकूण स्टाफ तेवढाच आहे म्हणून वरचे म्हणतात काहीच बदललं नाही. पण नाईटला २४ पेशंट आणि २ सिस्टर, त्यातली एक दुसरीकडून आलेली, तिला आमच्या इमर्जन्सी ट्रॉलीत काय कुठे आहे तेही माहीत नसतं.

आधी ओव्हर, म्हणजे शिफ्ट बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती देणं, बेडपाशी उभं राहून व्हायची, आजोबा रात्रभर झोपले नाहीत, हात सुजल्यासारखा वाटतोय, कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत लावलेली नळी) बदलावी लागेल असं सगळं बोलणं व्हायचं. आता काउंटरवर फाईल बघून उरकतात, कारण सांगणारीनेच पेशंटला पहिल्यांदा पाहिलेलं असतं. माझ्याकडची एक मनापासून काम करणारी मुलगी परवा म्हणाली, "ताई, इंजेक्शनं देऊन होतात, चार्ट भरून होतात, पण पेशंटचं काही केलं असं वाटतच नाही." फार लागलं मला ते.

नर्सिंग कौन्सिलच्या निकषाने साध्या हॉस्पिटलला ५ पेशंटमागे १ नर्स आणि वर रजेसाठी ३० टक्के राखीव, पण ते मागितलं की बजेट नाही हेच ऐकायला मिळणार. म्हणून निदान प्रत्येक शिफ्टला वॉर्डच्या ओळखीची एक तरी सिस्टर कायम ठेवा एवढंच लेखी मागायचंय. असं कुणी मान्य करून घेतलंय का? सोबत काय जोडलं?

प्रतिसाद:
ताई, आम्ही महिनाभर रजिस्टर ठेवलं होतं. प्रत्येक शिफ्टला ऑक्सिजनवर किती, बेडरिडन (अंथरुणाला खिळलेले) किती, ऑपरेशन झालेले किती, सिस्टर वॉर्डची की बाहेरची, आणि कुठले डोस उशिरा गेले. त्यावरून नाईटला एक कायम सिस्टर मिळाली. नर्सिंगमधल्या संशोधक लिंडा एकन यांचा २००२ चा अमेरिकेतला अभ्यासही जोडा, त्यात नर्समागे एक सर्जिकल पेशंट वाढला की पेशंट दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी आणि नर्सच्या बर्नआउटची (कामाने पार थकून मन उडण्याची) २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली होती. आणि सोडून गेलेल्या सिस्टरच्या जागी नवी तयार करायला किती वेळ जातो तेही लिहा, मॅनेजमेंटला ते लगेच कळतं.