केप कॉलनी: एकाच नावाचे दोन चुलतभाऊ वेगळे कसे काढायचे?

वंशवेल:
दक्षिण आफ्रिकेतल्या जुन्या डच वसाहतीतल्या, म्हणजे केप कॉलनीतल्या, स्टेलेनबॉश गावच्या चर्चच्या बाप्तिस्मा वहीत 1740 च्या सुमाराला एकाच नाव-आडनावाचे दोन बाप दिसतात. मुलांची नावंही जवळपास तीच. एका रविवारी तीन भावंडांचा बाप्तिस्मा झालाय, ती तिळी धरायची का? आणि बापांच्या मृत्यूची नोंद कुठे मिळेल?

दप्तरदार:
तिळी धरू नका. चर्च लांब, बैलगाडीने कित्येक दिवसांची वाट. आतल्या भागातले शेतकरी दोन-तीन मुलांचा बाप्तिस्मा एकदमच उरकायचे. वहीतली तारीख बाप्तिस्म्याची असते, जन्माची नव्हे.

चुलतभाऊ वेगळे काढायला आईचं आडनाव धरा. डच कागदांत बाई लग्नानंतरही माहेरच्या नावानेच येते. मग बाप्तिस्म्याचे साक्षीदार पाहा, ते बहुधा आजी-आजोबा, काका, मावशी असतात. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव द्यायची रीत होती, त्यामुळे चार भावांच्या घरांत चार सारखी नावं निघणारच. मूल दगावलं तर पुढच्याला तेच नाव देत. म्हणून एकाच जोडप्याकडे तेच नाव दोनदा आलं तर आधीचं मूल वारलं का, हे तपासा.

आणखी एक: ‘7ber’ म्हणजे सप्टेंबर, जुलै नव्हे. ‘8ber’ ऑक्टोबर. इथे चुकलात तर भावंडांचा क्रम उलटा होतो.

केपवाट:
मृत्यूसाठी चर्चच्या भरवशावर राहू नका. वेस्कामर, म्हणजे अनाथांची मालमत्ता सांभाळणारं मंडळ, त्याचं दप्तर उघडा. ते केपटाउनच्या अभिलेखागारात एमओओसी (‘मास्टर ऑफ द ऑर्फन चेंबर’) या नावाखाली, क्रमांक दिलेल्या मालिकांत आहे. क्रमांक 7 मध्ये मृत्युपत्रं, 8 मध्ये मयताच्या मिळकतीच्या याद्या, 10 मध्ये लिलावाचे कागद. क्रमांक 8 च्या याद्यांचं लिप्यंतर ऑनलाइन फुकट वाचता येतं.

यादीचा पहिला परिच्छेद सोन्यासारखा असतो. मयत कोण, मागे नवरा किंवा बायको कोण, मग मुलं, बहुतेकदा वयासकट. लग्न झालेल्या मुलीपुढे जावयाचं नाव. मुलगा आधीच वारला असेल तर त्याच्या जागी नातवंडं. वयं वजा करून बाप्तिस्म्याशी ताडून पाहा, दोन चुलतभाऊ इथेच सुटे होतात.

यादी नसेल तर दचकू नका. मृत्युपत्रात वेस्कामरला वगळून स्वतःचे व्यवस्थापक नेमायची मुभा होती, आणि ऐपतदार जोडपी ती सर्रास वापरत. अशा वेळी क्रमांक 7 मध्ये दोघांचं संयुक्त मृत्युपत्र शोधा. विधवा किंवा विधुर पुन्हा लग्न करताना आधीच्या मुलांचा हिस्सा वेगळा नोंदवावा लागे, तो कागदही सावत्र भावंडं ओळखायला उपयोगी. लिलावात माल घेणारे बरेचदा सोयरे-शेजारीच असतात.

वंशवेल:
एका घरात मूळ आई ‘फान मलबार’ आहे. हे आडनाव समजू का?

केपवाट:
नाही. ‘फान’ म्हणजे डचमध्ये ‘-ची, -कडची’. बहुतेकदा गुलाम म्हणून आणलेल्या व्यक्तीच्या मुलुखाची ती खूण असते. ‘फान बेंगाल’, ‘फान डे कस्ट’ (कोरोमंडल किनारा) तशाच. पण मुलूख नेहमी जन्माचा असेलच असं नाही, कधी तो जहाजात चढवल्याच्या बंदराचा असतो. ‘फान डे काप’ म्हणजे केपमध्येच जन्मलेली. त्यामुळे ‘मलबार’ हे एक आडनाव धरून दोन बायकांना बहिणी ठरवू नका. तिच्या मालकाच्या मिळकतीची यादी काढा. गुलामांची नावं त्यात मालमत्तेत, गुराढोरांसारखी मोजलेली असतात, आणि मुक्ततेआधीचा तिचा माग बरेचदा तेवढाच उरलेला असतो.