डिस्चार्जला शिकवलेलं पेशंटला घरी खरंच जमतं का, हे डिझर्टेशनमध्ये मोजायचं कसं?

वाळवंटीकाठ

नमस्कार मंडळी. मी स्टाफ नर्स, सात वर्षं वॉर्डात काढली, आता एमएस्सी नर्सिंग करतेय, मेडिकल-सर्जिकल. पंधरा दिवसांत डिझर्टेशनचा विषय द्यायचाय आणि जे विषय समोर आहेत त्यात मन लागत नाहीये म्हणून इथे विचारतेय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमच्याकडे विषय कसे असतात ते नर्सिंगवाल्यांना माहीत आहे. अमुक आजाराच्या पेशंटच्या ज्ञानावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रामचा परिणाम. तीस प्रश्नांची प्रश्नावली द्यायची, पाऊण तास चार्ट लावून शिकवायचं, सातव्या दिवशी तीच प्रश्नावली परत द्यायची. मार्क वाढतात, वाढणारच, प्रश्न तेच आणि उत्तरं आम्हीच सांगितलेली. पण तो पेशंट घरी गेल्यावर काय करतो ते त्यात कुठेच येत नाही.

हे डोक्यात का बसलंय ते सांगते. मागच्या पावसात सत्तरीतली एक आजी आमच्या वॉर्डात परत आली. तीन आठवड्यांपूर्वीच पायाच्या जखमेवर उपचार करून घरी सोडलेली, इन्सुलिन सकाळी वीस युनिट, संध्याकाळी बारा. आली ती शुगर चारशेच्या वर आणि जखम पहिल्यापेक्षा वाईट. कॅज्युअल्टीत विचारलं, राउंडला विचारलं, मी विचारलं, इन्सुलिन घेता ना? प्रत्येक वेळी एकच उत्तर, "घेतां गो बाय, सकाळीं वीस, सांजे बारा." सगळ्यांनी ठरवून टाकलं की आजी गोड खाते. सून बिचारी शपथा घेत होती की चहातसुद्धा साखर घालत नाही.

संध्याकाळी ड्युटी संपताना मी म्हटलं आजी, घरी कसं घेता ते मला करून दाखवा. तिने उशाखालची प्लास्टिकची पिशवी काढली, दोरी लावलेला चष्मा चढवला, बाटली हलक्या हाताने दोन तळव्यांत फिरवली, सिरींजमध्ये बरोबर वीसच्या रेघेपर्यंत औषध ओढलं, टिचकी मारून बुडबुडासुद्धा काढला. हात इतका नीट की बघून मला बरं वाटलं. आणि मग माझं लक्ष सिरींजच्या टोपणाकडे गेलं. नारिंगी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलीत ४० युनिटवालं असतं आणि त्याची सिरींज लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची सिरींज १०० युनिटवाल्या इन्सुलिनची. नारिंगीवर वीसच्या रेघेला ०.२ मिली येतं, म्हणजे ४० च्या बाटलीतून फक्त ८ युनिट. आजी तीन आठवडे वीसच्या जागी आठ घेत होती. लाल संपल्या, दुकानात होत्या त्या दिल्या, तिने घेतल्या. तिची काय चूक? लाल टोपण बघूनच घ्यायचं हे आम्ही तिला सांगितलंच नव्हतं. आम्ही म्हणजे मी. डिस्चार्जच्या दिवशी शिकवणारी मीच होते, फाईलवर हेल्थ एज्युकेशन दिलं असं लिहून खाली माझी सही आहे.

प्रश्नावली दिली असती तर आजीला पैकीच्या पैकी मार्क पडले असते.

तर मला हे मोजायचंय, करून दाखवायला लावणं आणि त्याने घरी काय फरक पडतो ते. गाईड मॅडमना आवडलंय पण त्या म्हणतात डेटा गोळा करायला सहा-सात आठवडेच मिळतात, अवघड जाईल. डिझाईन कसं करावं? शिवाय आमच्याकडे कोकणी, मराठी, हिंदी, कानडी सगळ्या भाषांचे पेशंट, टूल कुठल्या भाषेत करू? अनुभव असेल त्यांनी सांगा प्लीज.

पांढरी साडी

बाळा, तुझं वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी वॉर्ड इन्चार्ज म्हणून रिटायर झाले, म्हापशाला असते. ती सही आहे म्हणून स्वतःला खाऊ नकोस, तशा सह्या आम्ही सगळ्यांनी केल्यात.

रिसर्चचं मला फार कळत नाही पण शिकवण्याची वेळ कुठली हे तुझ्या अभ्यासात नक्की घे. डिस्चार्जच्या दिवशी शिकवलेलं कोणाच्याच डोक्यात शिरत नाही गं. मुलगा बिलाच्या लाईनीत, सून पिशव्या भरतेय, म्हातारीचा जीव बसकडे, वाळपईची बस चुकली तर पुढची कधी. त्यात आपण उभ्या उभ्या बारा गोष्टी सांगतो आणि शेवटी विचारतो, कळलं ना? ती हय म्हणते. नाही म्हणणारा पेशंट मी तरी चौतीस वर्षांत बघितला नाही, सिस्टरला नाही कसं म्हणायचं असं त्यांना वाटतं.

मी काय करायचे, सकाळच्या इन्सुलिन राउंडला दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनच पेशंटच्या हातात सिरींज द्यायचे. औषध त्याने ओढायचं, मी रेघ तपासायची, मग त्यानेच टोचायचं. आपण तिथे उभ्या असतोच, वेगळा वेळ लागत नाही. पाच दिवस वॉर्डात असेल तरी बऱ्यापैकी हात बसतो. आणि घरी कोण टोचणार ते आधी विचार. आपण म्हातारीला शिकवतो आणि घरी टोचते नात.

केरीकर

मी नर्स नाही, पेशंटचा मुलगा आहे, पण राहवलं नाही म्हणून लिहितो.

बाबांना इन्सुलिन चालू झालं तेव्हा कागदावर लिहिलेलं की नाश्त्याच्या अर्धा तास आधी. आता आमच्या घरात नाश्ता म्हणजे काय? बाबा सकाळी साडेसहाला चहा आणि अर्धा उंडो घेऊन कुळागरात जातात, पेज जेवतात दहा-साडेदहाला येऊन. ते सहाला इन्सुलिन घ्यायचे, कारण चहा म्हणजे नाश्ता असं त्यांनी धरलं. चौथ्या दिवशी माडाच्या बुंध्याला टेकून बसलेले सापडले, घामाने शर्ट ओला, बोलणं जड. शेजाऱ्याने साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं, चार चमचे साखर पाण्यात ढवळून, पंधरा मिनिटांत माणसं ओळखायला लागले.

नंतर दुसऱ्या एका सिस्टरने पाच मिनिटं बसून बाबांना विचारलं, तुमचा दिवस सांगा, उठता कधी, पहिला घास कधी, पेज कधी, शेतात कधी. त्यावर डॉक्टरांशी बोलून वेळ बदलून दिली. तेव्हापासून एकदाही तसं झालं नाही. त्या सिस्टरने शिकवलं कमी आणि विचारलं जास्त. तुमच्या अभ्यासात हे बसतं का बघा.

आणि एक, पावसात आमच्याकडे लाईट जाते ती कधीकधी दुसऱ्या दिवशी येते, फ्रीजमध्ये ठेवा एवढं सांगून भागत नाही. आम्ही बाटली डब्यात घालून डबा पाण्याच्या ओल्या मडक्यात ठेवतो, हे पण आम्हाला कोणी आपणहून सांगितलं नव्हतं.

ट्युटर कोल्हापूर

विषय सोडू नका. मी पीजीच्या मुलींना रिसर्च शिकवते, सुचतंय तसं लिहिते.

पहिलं म्हणजे तुम्ही जे केलं त्याला नाव आहे, टीच-बॅक, म्हणजे शिकवलेलं पेशंटकडून त्याच्या शब्दांत परत सांगून घ्यायचं, आणि हाताने करून दाखवायचं असेल तर रिटर्न डेमॉन्स्ट्रेशन. २००३ च्या एका गाजलेल्या आढाव्यात असं मांडलंय की डॉक्टर-नर्सने सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के माहिती पेशंट लगेच विसरतो आणि जे आठवतं त्यातलं निम्मं चुकीचं आठवतं. बोस्टनमध्ये ७४९ पेशंटवर एक रँडमाइज्ड ट्रायल (कोण कुठल्या गटात ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेली) झाली, २००९ ला छापून आली, त्यात एक नर्स फक्त डिस्चार्जची तयारी बघायची, समजेल असं पुस्तक हातात द्यायची आणि दोन-चार दिवसांनी फार्मासिस्ट घरी फोन करायचा. तीस दिवसांत हॉस्पिटलात परत येण्याचं प्रमाण जवळपास ३० टक्क्यांनी खाली आलं. गाईडना हे दाखवा. आणि नीड फॉर स्टडीत, म्हणजे हा अभ्यास का हवा त्या भागात, गोव्याचा आकडा घाला, आयसीएमआर-इंडिएब या देशभरातल्या डायबिटीसच्या पाहणीच्या २०२३ च्या पेपरात डायबिटीसचं प्रमाण देशात ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४, सगळ्या राज्यांत जास्त. तुमचा विषय तुमच्याच जागेचा आहे.

आता डिझाईन. एकच गट घेऊन आधी-नंतर मोजू नका. शुगर खूप वाढलेली असताना माणूस अ‍ॅडमिट होतो, ती नंतर काहीही न करता थोडी उतरतेच, मग ते श्रेय तुमच्या शिकवण्याला कसं द्यायचं? दोन गट हवेत. पण एकाच वॉर्डात शेजारच्या खाटांवर दोन गट ठेवलेत तर दुपारी पेशंट एकमेकांना सगळं सांगतात, माझ्या एका विद्यार्थिनीचा अख्खा डेटा असा गेलाय. त्यापेक्षा पहिले तीन आठवडे नेहमीसारखा डिस्चार्ज होणारे पेशंट घ्या, पुढचे तीन आठवडे करून दाखवायला लावलेले. रँडमायझेशन नाही म्हणून क्वासी-एक्सपेरिमेंटल, तसं स्पष्ट लिहा, त्यात कमीपणा नाही.

मोजायचं काय, तर प्रश्नावली नको, चेकलिस्ट. पेशंट करताना तुम्ही बघायचं आणि टिक करायचं. एकदा डिस्चार्जच्या आधी आणि एकदा आठवड्याभराने ओपीडीत फॉलोअपला येतील तेव्हा. येताना घरचीच बाटली, घरचीच सिरींज आणायला सांगा, वॉर्डातली देऊ नका, नाहीतर तुमचं ते नारिंगी टोपण परत निसटेल. काही पेशंट दोघींनी एकाच वेळी वेगवेगळ्या बघून टिक करा, टिका किती जुळतात ते कप्पा या आकड्याने काढा. बरोबर करणाऱ्यांचं प्रमाण दोन गटांत काय-स्क्वेअर या चाचणीने बघता येतं, एकाच गटातलं आधी-नंतरचं हो-नाही असेल तर मॅकनेमारची चाचणी. लोक इथे डोळे झाकून पेअर्ड टी-टेस्ट लावतात, ती सरासरीसाठी असते.

एथिक्स कमिटी एक प्रश्न हमखास विचारेल, पहिल्या गटात पेशंट चुकीचा डोस घेताना दिसला तर तुम्ही नुसत्या टिक करून बसणार का? प्रोटोकॉलमध्येच लिहा की नोंद झाली की त्याच जागी चूक दुरुस्त करणार आणि ट्रीटिंग डॉक्टरना कळवणार. सीटीआरआय, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीतली नोंदणी पहिला पेशंट घ्यायच्या आधी, नंतर होत नाही.

भाषेचं म्हणाल तर चेकलिस्ट तुम्ही भरणार, ती एकाच भाषेत चालेल. संमतीपत्र मात्र पेशंटला कळणाऱ्या भाषेत लागतंच. भाषांतर एकाने करायचं आणि ते मूळ न बघितलेल्या दुसऱ्याने उलटं करून बघायचं. कानडीला चांगलं माणूस मिळत नसेल तर दोन भाषांपुरताच अभ्यास ठेवा आणि मर्यादांमध्ये लिहा.

रात्रपाळी

सगळं पटतं पण मॅडम, मी रात्री दोघी मिळून चाळीस पेशंट बघते. दोन ड्रिप संपलेल्या, एकाला ऑक्सिजन, एक खाटेवरून उतरायला बघतोय. सकाळी सहाला इन्सुलिन पेशंटच्या हातात द्यायचं म्हणजे एकाला सात-आठ मिनिटं, नऊ पेशंट असले तर तास गेला. मग हे सगळं न करणारी सिस्टर वाईट ठरते. रिसर्च करणारी सहा आठवडे येते, पेपर लिहून जाते, वॉर्ड तिथेच राहतो. राग नाही, पण हे पण लिहा कुठेतरी.

ट्युटर कोल्हापूर

@रात्रपाळी तुमचं बरोबर आहे आणि याच्यावरच नर्सिंगमधला सगळ्यात महत्त्वाचा रिसर्च झालाय. लिंडा एकेन यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास २००२ ला छापला, नर्समागे एक सर्जिकल पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पुढे २०१४ ला युरोपातल्या नऊ देशांतही तेवढाच आकडा आला. म्हणजे वेळ नाही ही तक्रार नाही, तो डेटा आहे. @वाळवंटीकाठ, प्रत्येक पेशंटमागे किती मिनिटं लागली ते घड्याळ लावून लिहा. त्या शिफ्टला किती सिस्टर, किती पेशंट, तेही. उद्या मेट्रन मॅडमना माणसं मागायची तर हाच कागद लागेल.

पांढरी साडी

@रात्रपाळी पहिल्या दिवशी आठ मिनिटं लागतात हे खरं. चौथ्या दिवशी दोन लागतात, कारण पेशंट स्वतः करतो आणि तू फक्त रेघ बघतेस. सगळ्या नऊ जणांना एकदम नको, ज्यांचं नव्याने चालू झालंय तेवढेच घे, ते एक-दोनच असतात.

वाळवंटीकाठ

कालपासून तीनदा वाचलं सगळं, खूप खूप आभार.

आज गाईड मॅडमशी बोलले. दोन गट, आधी तीन आठवडे आणि नंतर तीन आठवडे, फक्त नव्याने इन्सुलिन चालू झालेले पेशंट आणि घरी टोचणारं माणूस, ते पेशंट असो नाहीतर सून नाहीतर नात. कोकणी आणि मराठी दोनच भाषा. मिनिटांचा कॉलम घातलाय, @रात्रपाळी ताई, तो तुमच्यामुळे, आणि माझा डेटा संपल्यावर ती चेकलिस्ट वॉर्डातच राहील असं मी इन्चार्जना आजच सांगून ठेवलंय.

@केरीकर दादा, तुमच्या बाबांचं वाचून चेकलिस्टच्या आधी एक पान वाढवलं. त्यात नाश्ता हा शब्दच नाही. उठल्यावर पहिला घास किती वाजता, पेज किती वाजता, मधे कुठलं काम, आणि लाईट गेली तर बाटली कुठे ठेवता. उद्या दोन पेशंटवर करून बघते.

चेकलिस्टचा पहिला मुद्दा लिहून झालाय. बाटलीवर ४० आहे का १००, आणि टोपण कुठल्या रंगाचं. पुढचे मुद्दे रविवारी इथेच टाकते, ज्यांना वेळ असेल त्यांनी चुका काढा.