सोयराबाई: सत्ता किती, दोष किती?

प्रश्न (दादर): १६७४ च्या राज्याभिषेकात पट्टराणी म्हणून शिवाजी महाराजांशेजारी बसलेल्या सोयराबाईंच्या हाती खरोखर सत्ता होती, की मंत्र्यांच्या कारस्थानाचे खापर त्यांच्याच माथी फुटले?

उत्तर (गिरगाव): माझ्या मते ती सत्ता उसनी होती. एप्रिल १६८० मध्ये त्यांचे पुत्र राजारामांना गादीवर बसवताना मंत्री अण्णाजी दत्तो पाठीशी होते. पण सरनोबत (सेनापती) हंबीरराव मोहिते, म्हणजे सोयराबाईंचेच बंधू, संभाजीराजांच्या बाजूने उभे राहिले आणि डाव कोसळला. फौज हाती नसलेली राणी काय करणार?

उत्तर (परळ): तरीही त्यांना निर्दोष म्हणवत नाही. पेशवाईतील राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंचे प्रकरण मात्र मनाला लागते: १७७३ मधील नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल न्यायाधीश रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी ठरवले, पण ‘धरावे’तला एकच ‘ध’ पुसून ‘मा’ केल्याचा ठपका लोकांच्या तोंडी आनंदीबाईंवरच राहिला.