पूरग्रस्तांच्या निवारा केंद्रासाठी किमान निकष ठरवतोय, स्फिअरचे आकडे पुण्यात जसेच्या तसे लावायचे का?

नदीकाठी_राहणारा

नमस्कार मंडळी. सिंहगड रस्त्याच्या बाजूला नदीकाठच्या काही सोसायट्या आणि दोन गणेश मंडळं मिळून आमचा एक ग्रुप आहे. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकतानगरीत घराघरात पाणी शिरलं ते सगळ्यांना आठवत असेलच, त्या दिवसांत आम्ही पोरांनी जेवण, चादरी, पाण्याचे जार असं जमेल ते केलं आणि नंतर बसून चार पानांची एक यादी तयार केली, म्हणजे पुढच्या वेळी शाळेत लोक आणले तर काय काय लागेल याची. ती यादी आता पावसाळ्याआधी नीट करायला घेतलीय.

ग्रुपमधल्या एकाने स्फिअर हँडबुक आणून दिलं, म्हणजे आपत्तीतल्या मदतीचे किमान निकष सांगणारं जगभर वापरलं जाणारं पुस्तक. त्यात पाणी माणशी रोज १५ लिटर, संडास २० माणसांमागे एक, झाकलेली जागा माणशी साडेतीन चौरस मीटर असं सगळं लिहिलंय. दुसऱ्या एकाने राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना आणल्या तर त्यात संडास ३० माणसांमागे एक आणि पिण्याचं पाणी माणशी ३ लिटर. आता ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो जागतिक आकडे आहेत, तसेच्या तसे घ्या आणि विषय संपवा. दुसरा म्हणतो हे सगळं परदेशातल्या निर्वासितांच्या छावण्यांसाठी आहे, आपल्याकडे लोक दोन दिवसांत घरी जातात, एवढं कशाला.

मला दोन्ही पटत नाहीये पण नीट उत्तरही देता येत नाहीये. ज्यांनी असं काम केलंय किंवा जे अशा केंद्रात राहिलेत त्यांनी कृपया सांगा.

पाणीपुरवठा_निवृत्त

तुमच्या दुसऱ्या तटाला आधी उत्तर देतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा पूरग्रस्तांसाठी निसन हट बांधल्या, आमचे काका-काकू त्यातल्याच एकीत राहिले. तात्पुरत्या म्हणून बांधलेल्या त्या अर्धगोल पत्र्यांच्या खोल्यांत कितीतरी कुटुंबांनी वर्षंच्या वर्षं काढली. दोन दिवस म्हणून लोक येतात, किती दिवस राहतील ते घरातला चिखल आणि भिंतींची अवस्था ठरवते. त्यामुळे दोन दिवसांचा हिशेब धरून निकष लिहू नका.

आता आकडे. हँडबुक उघडलंत तर प्रत्येक ठिकाणी आधी एक वाक्य दिसेल, ते म्हणजे निकष. उदाहरणार्थ पिण्याला आणि घरच्या वापराला पुरेल एवढं सुरक्षित पाणी सगळ्यांना सारखं आणि परवडेल असं मिळालं पाहिजे. हे वाक्य कुठेही बदलत नाही, आफ्रिकेतलं गोमा असो नाहीतर आपलं गोखलेनगर. त्याच्याखाली काय करायचं ते, मग आकडे, मग सूचना. आकडे हे निकष पाळला जातोय का ते मोजायची पट्टी आहेत. परिस्थितीप्रमाणे पट्टी बदलायची मुभा आहे पण मग का बदलली आणि कमी पडलेलं कसं भरून काढणार ते लिहून ठेवायचं. आपल्याकडे लोक नेमकं उलटं करतात, आकडा पाठ करतात आणि वरचं वाक्य वाचतच नाहीत.

१५ लिटरचंच बघा. तो खालचा आकडा आहे, याच्या वर जायचं नाही असा त्याचा अर्थ नाही. पुस्तकातच म्हटलंय की कडक दुष्काळात थोडे दिवस साडेसात लिटरवर भागवावं लागेल आणि शहरात, जिथे लोकांना नळाची सवय आहे, तिथे ५० लिटर हा किमान आकडा धरावा लागू शकतो. आपल्या शाळेतल्या संडासांना ओतायला पाणी लागतं. १५ लिटरमध्ये प्यायचं, स्वयंपाक, अंघोळ आणि वर संडासात बादली ओतायची हे बसत नाही. संडास तुंबतो तिथूनच केंद्र बिघडायला लागतं. आणि तुमच्या त्या ३ लिटरचा घोळ, ते फक्त प्यायचं आहे, वापराचं वेगळं. दोन्ही आकड्यांची तुलनाच करू नका.

दुसरी गोष्ट नळ. एका नळामागे २५० माणसं असं लिहिलंय आणि वाचणाऱ्याला ते पुरेसं वाटतं. पण ते मिनिटाला साडेसात लिटर धारेवर आहे. २५० गुणिले १५ म्हणजे ३७५० लिटर, भागिले साडेसात, ५०० मिनिटं. म्हणजे तो एक नळ आठ तास वीस मिनिटं सलग, एक क्षणही बंद न होता चालला तर हिशेब जुळतो. पुराच्या वेळी पहिली लाइट जाते, लाइट गेली की पंप बंद, पंप बंद की वरची टाकी अर्ध्या दिवसात रिकामी. मी नोकरीत असताना एका शाळेत बघितलंय, कागदावर आठ नळ आणि त्यातले चार वरच्या मजल्यावर, कुलपाच्या आत. तेव्हा तुमच्या यादीत नळांची संख्या लिहू नका, बादली घेऊन जा, घड्याळ लावा आणि प्रत्येक नळाखाली २० लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते लिहा. २ मिनिटं ४० सेकंदांच्या आत भरली तर तो नळ धरा. नाही भरली तर तो अर्धाच नळ समजा.

टँकर येणार असेल तर तो कुठे रिकामा करणार तेही आत्ता ठरवा. १० हजार लिटरचा टँकर दारात उभा आणि साठवायला एकच हजार लिटरची टाकी, असं होतं. क्लोरीनची तपासणी रोज सकाळी नळाच्या तोंडाशी करा, टाकीत नको, उरलेलं क्लोरीन लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम सापडलं पाहिजे. क्लोरीनवर एवढा जोर का, तर १९९४ मध्ये रवांडातून पळालेले लोक गोमाला आले तेव्हा काही आठवड्यांत कॉलरा आणि हगवणीने हजारो माणसं गेली, मदत करणाऱ्या संस्था तिथे असताना. त्या धक्क्यातूनच १९९७ मध्ये स्फिअरचं काम सुरू झालं आणि पुस्तक २०००, २००४, २०११, २०१८ असं सुधारत आलं. त्यामुळे तुम्हीही यादी सुधारताय हे योग्यच आहे.

निळी_छत्री

मी केंद्रात राहिलेय म्हणून लिहितेय. कुठलं ते सांगत नाही, शाळेचं नाव घेऊन कोणाला दुखवायचं नाहीये, त्या लोकांनी मनापासून केलं होतं. तीन रात्री होतो, मी, सासूबाई आणि माझी नववीतली मुलगी.

एका वर्गात आम्ही ३८ जण. वर काकांनी नळाचा हिशेब दिलाय तसा मी नंतर घरी येऊन खोलीचा केला. वीस बाय पंचवीस फुटांचा वर्ग म्हणजे साधारण साडेसेहेचाळीस चौरस मीटर, साडेतीनने भागलं की १३ माणसं. आम्ही त्याच्या तिप्पट होतो आणि बाकं एका कोपऱ्यात रचलेली ती वेगळीच. सासूबाईंना रात्री तीनदा उठावं लागतं, अंधारात लोकांच्या पायांवरून जायचं, त्या दुसऱ्या दिवसापासून पाणीच पिईनात. मी विचारलं तर म्हणाल्या, "मला नको, उगाच उठावं लागतं." मधुमेह आहे त्यांना. पाणी भरपूर होतं हो, जारच्या जार होते, पण त्या पीत नव्हत्या. तुमच्या यादीत "पाणी: उपलब्ध" असं लिहून बरोबरची खूण झाली असती आणि माझी सासू तहानेली बसली होती.

संडास चार होते, दोन बायकांचे. एकाला आतून कडी नव्हती. आम्ही बायकांनी पाळी लावली, एक आत, एक दार धरून बाहेर. बाहेर दिवा नव्हता. माझी मुलगी रात्री आठनंतर गेलीच नाही.

आणि पॅड. पॅड आले होते, अगदी खोकी भरून. पण ते हॉलमध्ये टेबलावर ठेवले होते आणि टेबलामागे मंडळाची मुलं बसली होती, नाव आणि खोली नंबर लिहून घेत होती. चांगली मुलं होती, पण तिथे कोण जाणार सांगा. संध्याकाळी एका आजींनी जाऊन सगळी खोकी उचलून आमच्या वर्गात आणून ठेवली तेव्हा अर्ध्या तासात संपली. शिवाय काही जणींना कापडच लागतं, मग ते धुवायचं आणि वाळवायचं कुठे, याचा कोणी विचारच केला नव्हता. मी आता ते पुस्तक बघितलं तर २०१८ च्या आवृत्तीत मासिक पाळीबरोबर लघवी न धरता येणाऱ्यांचाही वेगळा निकष आहे, आणि सामान बायकांना विचारून, त्यांना हवं ते द्या असं आहे. सार्वजनिक ठिकाणी बायकांचे तीन संडास तर पुरुषांचा एक हे प्रमाणही त्यात आहे. आमच्याकडे दोनास दोन होते.

तर दादा, माझं म्हणणं एवढंच की यादी सुधारायला बसाल तेव्हा जे शाळेत झोपलेत त्यांना बोलवा, फक्त ज्यांनी वाटप केलं ते नकोत. तुमच्या ग्रुपमध्ये बायका किती आहेत? २०२४ ला केंद्रात राहिलेल्या किती? मी यायला तयार आहे.

कृष्णाकाठ

मी सांगली जिल्ह्यातला, नोकरीला पुण्यात. २०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरात गावात होतो. सगळ्यांचं बरोबर आहे पण एक राहिलं, जनावरं. तुम्ही म्हणाल सिंहगड रस्त्यावर कुठली जनावरं, तर नदीकाठाला गोठे आहेत की अजून, आणि शहरात कुत्री-मांजरं तर घरोघरी. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याने बोट दारात आली तरी पाय काढला नाही, दोन म्हशी आणि एक गाभण गाय, म्हणाला ह्यांना सोडून मी एकटा वाचून काय करू. दावणीचं दावं हातात धरून बसला होता. शेवटी जनावरं उंचावर न्यायची सोय झाली तेव्हाच तो बोटीत बसला.

जनावरांसाठी पण वेगळे निकष आहेत, लेग्ज म्हणतात, पहिली आवृत्ती २००९ ची, स्फिअरच्या जोडीनेच वापरतात. चारा, पाणी, औषधोपचार, निवारा सगळं आहे त्यात. तुमच्या यादीत निदान एक ओळ टाका की पाळीव जनावर घेऊन आलेल्याला दारातून परत पाठवायचं नाही, शाळेच्या मैदानाचा एक कोपरा त्यांच्यासाठी, संडास आणि पाण्यापासून लांब.

कायदा_वाचक

थोडक्यात. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, कलम १२. निवारा, अन्न, पिण्याचं पाणी, औषधोपचार, स्वच्छता यांचे किमान निकष ठरवायचं काम राष्ट्रीय प्राधिकरणाचं आहे, आणि २०१६ च्या सूचना त्यातूनच आल्यात. म्हणजे लोक शाळेत येतात तेव्हा मदत ही कोणाची मेहेरबानी नसते, यादीच्या पहिल्या ओळीत हे लिहा. त्याच सूचनांत मोठ्या माणसाला रोज २४०० कॅलरी, लहान मुलांना १७००, संडास केंद्रापासून ५० मीटरच्या आत, आणि आपत्तीत नवरा गेलेल्या बाईला १५ दिवसांत तसा दाखला मिळाला पाहिजे असं आहे. हा शेवटचा मुद्दा मंडळांच्या याद्यांत कधीच नसतो. तलाठी कार्यालयापर्यंत तिच्याबरोबर कोण जाणार त्याचं नाव आत्ताच ठरवून ठेवा.

नदीकाठी_राहणारा

सगळ्यांचे मनापासून आभार. निळी छत्री ताई, खरं सांगायचं तर यादी लिहिणारे आम्ही नऊ जण होतो, नऊच्या नऊ पुरुष, आणि त्या टेबलामागे बसणारी मुलं आमच्यासारखीच. तुमचं वाचून मी काल ग्रुपवर तसंच टाकलं, बराच वेळ कोणी काही बोललं नाही, मग दोघांनी आपापल्या आयांना विचारतो म्हणून सांगितलं.

आत्तापर्यंत एवढं ठरलंय. आकड्यांच्या आधी प्रत्येक ठिकाणी एक वाक्य लिहायचं, काकांनी सांगितलं तसं. स्फिअर आणि २०१६ च्या सूचना यात फरक असेल तिथे जो माणसाला जास्त देतो तो घ्यायचा, आणि जमणार नसेल तर का ते त्याच कागदावर. खोलीच्या दारावर खडूने आकडा लिहायचा, १३, आणि त्याच्यावर माणसं झाली की पुढची शाळा उघडायला सांगायचं. ही दुसरी शाळा कुठली ते अजून ठरलेलं नाही, किल्ली कोणाकडे असते तेही शोधतोय. पॅड आणि मोठ्यांचे डायपर प्रत्येक वर्गात एका बाईकडे, नोंद करायची नाही. संडासाच्या कड्या आणि चार्जिंगचे दिवे यांचा खर्च मंडळ यंदाच्या वर्गणीतून करणार आहे.

रविवारी सकाळी आठ वाजता शाळेत जातोय, मुख्याध्यापकांची परवानगी मिळालीय. २० लिटरच्या दोन बादल्या, घड्याळ आणि मोजपट्टी घेतोय. ताई, तुम्ही आणि जमल्यास सासूबाई आलात तर फार बरं होईल, रिक्षाची सोय आम्ही करतो. काका, क्लोरीन तपासायचं किट कुठलं घ्यायचं तेवढं सांगाल का?

पाणीपुरवठा_निवृत्त

किट विकत घेऊ नका, माझ्याकडे आहे, घेऊन येतो. आठला नको, साडेसहाला या. सकाळी सगळ्यांकडे नळ चालू असतात तेव्हा धार किती राहते ते कळेल, आठनंतर मोजलंत तर आकडा फसवा येईल.